सोलर आहे, तरी लाईट का गेली? घरच्या सोलरला बॅटरी जोडण्याआधी

मे महिना, दुपारचे साडेबारा. इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या गच्चीवर तीन किलोवॉटची पॅनेलं रणरणत्या उन्हात तापत होती आणि खाली घरात पंखा बंद. आदल्या संध्याकाळच्या वादळात कुठेतरी झाड तारांवर पडलं होतं, तेव्हापासून लाईट नव्हती. सासूबाई पुठ्ठ्यानं वारा घेत म्हणाल्या, "एवढे पैसे घालून वर काय आरसे बसवलेत?" सोलर बसवून जेमतेम दोन महिने झाले होते. ज्यानं बसवलं तो "आता लाईटची काळजी सोडा" असं म्हणाला होता. त्यासाठी बॅटरी लागते, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

पुढे आम्ही बॅटरी बसवली, एकदा चुकलो, मग दुरुस्त केलं. आता इंदूरमधली ओळखीची मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून क्रमानं लिहिते.

पायरी १ : आपल्याकडे नेमकं काय आहे ते बघा

इन्व्हर्टरवरची पट्टी वाचा. घरगुती सोलरचे इन्व्हर्टर तीन प्रकारचे असतात. ऑन-ग्रिड (ग्रिड म्हणजे वीज कंपनीच्या तारांचं जाळं) म्हणजे पॅनेलची वीज सरळ घरात आणि उरलेली मीटरमधून बाहेर, बॅटरी नाही. ऑफ-ग्रिड म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यावर चालणारा, बाहेर वीज न देणारा. हायब्रिड म्हणजे दोन्ही कामं करणारा. सबसिडी घेऊन बसवलेल्या बहुतेक घरांत पहिला प्रकार असतो.

लाईट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो, आणि ते बरोबरच आहे. खांबावर लाइनमन चढलेला असताना आपल्या गच्चीवरची वीज उलट तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून या इन्व्हर्टरला ग्रिडची वीज दिसली नाही की तो थांबलाच पाहिजे, असा नियम आहे. याला अँटी-आयलँडिंग म्हणतात. "भैया, काही जुगाड करून चालू ठेव" असं इलेक्ट्रिशियनला चुकूनही सांगू नका. आणि एखादा तयार झालाच, तर त्याला पुन्हा घरात घेऊ नका.

पायरी २ : बॅटरी हवी कशाला, हे स्वतःला विचारा

ही पायरी लोक गाळतात आणि मग पैसे अडकतात. नेट मीटर असेल तर दिवसा उरलेले युनिट बाहेर जातात आणि रात्रीच्या वापरातून वजा होतात. म्हणजे वीज कंपनीच तुमची बॅटरी सांभाळते आहे, तीही तुम्ही विकत न घेतलेली. अशा घरात फक्त बिल कमी करण्यासाठी बॅटरी घेणं माझ्या मते वेडेपणा आहे. बॅटरीत घातलेली वीज पूर्ण परतही मिळत नाही. लेड-ॲसिडमध्ये (म्हणजे शिसं आणि ॲसिडच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीत) साधारण पाचवा-सहावा हिस्सा वाटेतच जातो, लिथियममध्ये त्याहून बराच कमी.

हे गणित पुढे बदलू शकतं. केंद्राच्या २०२३ च्या दुरुस्ती नियमांत दिवसाच्या वेळेनुसार वेगळे दर ठेवण्याची तरतूद आली आहे: उन्हाच्या तासांत स्वस्त, गर्दीच्या तासांत महाग. तो फरक मोठा झाला की संध्याकाळी बॅटरी वापरण्यात अर्थ येईल. तोवर बॅटरी घ्यायची ती लाईट जाते म्हणून. आणि लाईट किती जाते, हे आठवणीवर सोडू नका.

एक वही करा. महिनाभर लिहा: तारीख, कधी गेली, कधी आली. जमलं तर मृगाच्या आधीचा महिना धरा, कारण आपल्याकडे खरी परीक्षा वादळांची असते. आमच्या वहीत बहुतेक नोंदी वीस मिनिटं ते तासाभराच्या निघाल्या, दोन नोंदी चार तासांच्या, आणि ती एक रात्रभराची. मी मनात धरलं होतं की "रोजच जाते". वहीनं मला खोटं पाडलं, आणि बॅटरीचा आकार निम्म्यावर आणला.

पायरी ३ : अत्यावश्यक काय, त्याची बेरीज

लाईट गेल्यावर घरात काय चालायलाच हवं? सगळ्या घरानं एकत्र बसून ठरवा, नाहीतर प्रत्येकाची यादी वेगळी असते. आमची अशी: दोन पंखे प्रत्येकी ७५ वॉट, पाच दिवे प्रत्येकी ९ वॉट, वायफाय १०, टीव्ही ८०, मोबाईल चार्जर १५. फ्रिज सतत चालत नाही, चालू-बंद होतो. दिवसाला साधारण एक युनिट खातो, म्हणून सरासरी ५० धरा. बेरीज ३५० वॉट. चार तास म्हणजे १,४०० वॉट-तास, अर्थात १.४ युनिट.

आता उलट चला. इन्व्हर्टरमध्ये दहा टक्के जातात असं धरलं तर बॅटरीतून सुमारे १.५६ युनिट निघायला हवेत. लिथियम बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, म्हणून तिची क्षमता १.९५ युनिट हवी. ट्युब्युलर लेड-ॲसिड निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून ती ३.१ युनिटची लागेल.

बॅटरीवर युनिट क्वचित लिहिलेले असतात, व्होल्ट आणि अँपिअर-तास असतात. दोन्हींचा गुणाकार करा, हजारानं भागा. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तास म्हणजे १.८ युनिट, तशा दोन जोडल्या की ३.६, आमच्या गरजेला पुरेशा. लिथियममध्ये २५.६ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची एक, म्हणजे २.५६ युनिट, तीही पुरेशी. साधे पंखे काढून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावले, जे ३० वॉटच्या आसपास घेतात, तर हीच बॅटरी आणखी दीड-दोन तास जास्त ओढते. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. हा सल्ला दुकानदार देणार नाही.

एक बारीक गोष्ट. ट्युब्युलरवर क्षमता सी-१० किंवा सी-२० अशी लिहिलेली असते, म्हणजे दहा तासांत रिकामी केली तर किती आणि वीस तासांत केली तर किती. सी-२० चा आकडा मोठा दिसतो, पण सोलरसाठी सी-१० चीच बॅटरी मागा.

पायरी ४ : वायरिंग वेगळं करा (सगळ्यात महत्त्वाचं, सगळ्यात दुर्लक्षित)

बॅटरी घरात येण्याआधी हे काम झालं पाहिजे. हायब्रिड इन्व्हर्टरला एक वेगळं बॅकअप आउटपुट असतं. लाईट गेल्यावर फक्त तिथूनच वीज मिळते. त्यावर एक छोटा स्वतंत्र डीबी (स्विच-फ्यूजची पेटी) बसवायचा आणि अत्यावश्यक यादीतल्याच वायरी त्यात आणायच्या. गीझर, इस्त्री, एसी, पाणी चढवायची मोटर, मायक्रोवेव्ह, सगळं मुख्य डीबीवरच राहू द्या.

आमचं चुकलं ते इथेच. घर १९८० च्या दशकातलं, दुरुस्त्या होत गेल्या तसं वायरिंगही ठिगळं लावत वाढलेलं. इलेक्ट्रिशियननं फेज वेगळे केले, पण न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) जुनाच, सगळ्या खोल्यांचा एकच ठेवला. झालं काय, की लाईट गेली की इन्व्हर्टर दोन मिनिटं चालायचा आणि ट्रिप व्हायचा. शिवाय बाथरूममधल्या दिव्याच्या वायरीवर कुणीतरी कधीकाळी गीझरचा पॉइंट काढला होता, तो आपसूक बॅकअपवर आला. भरलेल्या घरात पाहुणे, गीझर चालू, लाईट गेली आणि इन्व्हर्टरनं जीव टाकला. सगळं पुन्हा उकलायला दोन दिवस लागले.

म्हणून इलेक्ट्रिशियनला तीन गोष्टी विचाराच. बॅकअप सर्किटचा न्यूट्रल मुख्य सर्किटपासून पूर्ण वेगळा आहे का? बॅकअप डीबीला स्वतःचं गळती-संरक्षण, म्हणजे आरसीसीबी आहे का? आणि ग्रिड नसतानाही बॅकअपच्या वायरींचं अर्थिंग कायम राहतं का? उत्तर देताना तो घुटमळला तर दुसरा बघा. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी तर आधी वायरिंगवर खर्च करावा, मग उरलेल्या पैशांत बॅटरी.

मोटरबद्दल वेगळं सांगते, कारण इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि ते टाकीत चढवण्याची घाई असते. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना ७४६ वॉटच्या वर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढते. त्या क्षणासाठी मोठा इन्व्हर्टर घेणं परवडत नाही. लाईट असताना टाकी भरून ठेवायची सवय लावा.

पायरी ५ : ट्युब्युलर की लिथियम

दुकानात तुम्हाला एक हिशेब दाखवतील: किंमत भागिले एकूण मिळणारे युनिट. आकडे निव्वळ समजण्यापुरते घेऊ. समजा ट्युब्युलरचा संच ३०,००० रुपये, दर वेळी १.८ युनिट, १,२०० वेळा भरणं-उतरणं. एकूण २,१६० युनिट, म्हणजे युनिटला जवळजवळ १४ रुपये. लिथियमचा संच ७०,००० रुपये, दर वेळी ४ युनिट, ४,००० वेळा. एकूण १६,००० युनिट, म्हणजे साडेचार रुपयेसुद्धा नाही. लिथियम जिंकली, असं दुकानदार म्हणेल.

पण तुमच्या वहीत वर्षाला चाळीस वेळा लाईट जात असेल, तर ४,००० वेळा वापरायला शंभर वर्षं लागतील. बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होतेच. म्हणून आपल्यासारख्या "कधीकधी लागणाऱ्या" घरांत वर्षांचा हिशेब करा. ट्युब्युलर पाच वर्षं धरली तर वर्षाला ६,०००. लिथियम दहा वर्षं धरली तर ७,०००. फरक मोजण्याइतकासुद्धा उरत नाही. मग निवड दुसऱ्या गोष्टींवर करायची.

ट्युब्युलर जड असते, दीड-दोन माणसांनी उचलावी इतकी. दर दोन-तीन महिन्यांनी तिच्यात डिस्टिल्ड पाणी घालावं लागतं. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. पण तिची दुरुस्ती कोणत्याही गल्लीतला बॅटरीवाला करतो आणि जुनी परत घेऊन पैसेही देतो. लिथियम म्हणजे इथे लिथियम आयर्न फॉस्फेट. मोबाईलमध्ये असते त्याहून वेगळी, उष्णता पुष्कळ जास्त सोसणारी. हलकी, देखभाल नाही, लवकर भरते. तिच्या आत बीएमएस नावाचं सर्किट असतं, जे प्रत्येक सेलवर नजर ठेवतं. ते बिघडलं तर मात्र गल्लीतला मिस्त्री काही करू शकत नाही.

माझ्या घरात पाणी घालायचं लक्षात ठेवणारं कुणी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून लिथियम घेतली. आमच्या शेजारच्या काकांकडे ट्युब्युलर आहे. ते दर महिन्याच्या एक तारखेला टॉर्च घेऊन पाण्याची पातळी बघतात, आणि त्यांची बॅटरी सहावं वर्ष काढते आहे.

घेताना बघायचं: ट्युब्युलरवर आयएस १६२७० हे मानक, लिथियमवर आयईसी ६२६१९. लिथियमचा बीएमएस तुमच्या इन्व्हर्टरशी बोलतो का, म्हणजे इन्व्हर्टर कंपनीच्या यादीत त्या बॅटरीचं नाव आहे का, हे लेखी घ्या. इलेक्ट्रिक रिक्षांचे जुने सेल जोडून बनवलेले स्वस्त पॅकही विकायला येतात. स्वस्त असले तरी घरात नकोत. आणि जुनी बॅटरी अजून चालते म्हणून तिच्या शेजारी नवी जोडू नका. एकापुढे एक जोडलेल्या संचात कमजोर बॅटरी बाकीच्यांनाही घेऊन बुडते.

पायरी ६ : जागा

लेड-ॲसिडसाठी ढोबळ नियम असा की २५ अंशांच्या वर तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. त्यामुळे गच्चीवरची पत्र्याची शेड बाद. मे महिन्यात तिथे आपण पाच मिनिटं उभे राहू शकत नाही, बॅटरी कशी राहील? मालव्याची रात्र थंड म्हणून नावाजलेली आहे खरी, पण दुपारचा पत्रा रात्रीपर्यंत निवत नाही. उत्तरेकडची भिंत, जिन्याखालची हवेशीर जागा, तळमजल्याचा व्हरांडा, हे चांगले पर्याय. ट्युब्युलर असेल तर देवघर, गॅस सिलिंडर आणि झोपायची खोली यांपासून दूर ठेवा. हायड्रोजन आणि निरांजन शेजारी नांदत नाहीत. पावसाळ्यात पाणी शिरत असेल तर खाली चौथरा बांधा किंवा लोखंडी रॅक करा.

पायरी ७ : जोडणी आणि सुरक्षितता

हे काम स्वतः करू नका, पण बघत उभं राहा. २,००० वॉट २४ व्होल्टवर म्हणजे ८३ अँपिअर, ४८ व्होल्टवर साधारण ४२. प्रवाह जितका मोठा तितकी केबल जाड लागते आणि सैल जोड तितकाच लवकर पेटतो. म्हणून दोन किलोवॉटच्या वर जाणार असाल तर ४८ व्होल्टचीच सिस्टीम घ्या.

बॅटरीच्या धन टोकाजवळ, अगदी शक्य तितक्या जवळ, फ्यूज हवा. साधा घरातला एमसीबी चालत नाही. डीसीचा (बॅटरी-पॅनेलच्या एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेचा) ठिणगीगोळा एसीसारखा (घरातल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेसारखा) आपणहून विझत नाही, म्हणून डीसीसाठीच बनवलेला एमसीबी आणि फ्यूज लागतो. पॅनेलच्या बाजूला आणि मीटरच्या बाजूला सर्ज-संरक्षण (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं), आणि अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे: पॅनेलच्या डीसी बाजूचा, एसीचा, आणि वीजरोधक दांड्याचा. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज किती पडते ते सगळ्यांना माहीत आहे. तरी तिसरा खड्डा वाचवणारे मी पाहिले आहेत. महारानी रोडवर हे सगळं सामान मिळतं, पण भाव बघून नाही, पट्टीवरचे व्होल्ट-अँपिअर बघून घ्या.

क्रम लक्षात ठेवा: आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना उलट, आधी पॅनेल बंद, मग बॅटरी.

पायरी ८ : कागदपत्रं आणि सबसिडी

१३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. हे पैसे पॅनेलच्या क्षमतेवर मिळतात, बॅटरीवर नाहीत. कोटेशनमध्ये "सबसिडीसह बॅटरी" असं लिहिलं असेल तर बॅटरीची किंमत वेगळ्या ओळीत मागा. १० किलोवॉटपर्यंतच्या गच्चीवरच्या सोलरला तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी आता लागत नाही.

सोलर आधीच बसलेलं असेल तर दोन वाटा आहेत. एक, इन्व्हर्टर काढून हायब्रिड लावायचा. दोन, जुना तसाच ठेवून एसीच्या बाजूनं बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर जोडायचा. दुसरी वाट जास्त महाग पडते, पण जुन्या इन्व्हर्टरची वॉरंटी राहते. कुठलीही घेतली तरी पोलोग्राउंडवर मुख्यालय असलेल्या आपल्या पश्चिम क्षेत्र वितरण कंपनीला, म्हणजे तुमच्या झोन कार्यालयाला, लेखी कळवा. नेट मीटर एका इन्व्हर्टरच्या नावावर मंजूर झालेलं असतं.

पायरी ९ : सेटिंग आणि पहिला महिना

हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये प्राधान्यक्रम निवडायचा असतो. बसवणारे सवयीनं "सोलर, मग बॅटरी, मग ग्रिड" असं ठेवून जातात. त्यानं रोज संध्याकाळी बॅटरी रिकामी होते आणि रात्री नऊला लाईट गेली की हातात काहीच नसतं. नेट मीटर असलेल्या घरात "सोलर, मग ग्रिड, मग बॅटरी" ठेवा. आणि हायब्रिड इन्व्हर्टर रिकामा बसलेला असतानाही ३०-४० वॉट खातो, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट. बिल थोडं वाढलं तर घाबरून तक्रार करायला धावू नका.

एखाद्या रविवारी, सगळे घरी असताना, मुद्दाम मुख्य स्विच खाली करा. अत्यावश्यक यादीतलं सगळं चालतं का, नको ते काही चालू राहतं का, वायफाय मध्ये तुटतं का, ते बघा. तासभर तसंच राहू द्या आणि बॅटरी किती टक्क्यांनी उतरली ते वहीत लिहा. हा आकडा सहा महिन्यांनी पुन्हा काढा. बॅटरी थकू लागली तर आधी इथेच कळेल.

पॅनेलं पंधरा दिवसांनी सकाळी लवकर साध्या पाण्यानं धुवा, तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी नको. राजवाड्याच्या आसपास राहत असाल तर रंगपंचमीच्या गेरीनंतर (रंगांच्या मिरवणुकीनंतर) दुसऱ्या दिवशी गच्चीवर एक चक्कर माराच, गुलाल वरपर्यंत पोहोचलेला असतो. ट्युब्युलरच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी जमली तर गरम पाण्यानं पुसा आणि वरून व्हॅसलीन लावा.

आणि बॅटरी संपली की ती भंगारवाल्याला देऊ नका. तो फोडून शिसं काढतो आणि ॲसिड गटारीत ओततो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. नवी घेताना जुनीचं वजन, किलोचा भाव आणि वजा झालेली रक्कम बिलावर लिहून घ्या.